दोन नंबरचा बोया एक नंबरवरच बिघडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वॉटर स्कीइंगचा स्लॅलम, म्हणजे बोटीमागे दोर धरून एकाच स्कीवर सहा बोयांना (पाण्यातल्या तरंगत्या खुणांना) आळीपाळीने दोन्ही बाजूंना वळसे घालणं. डावा पाय पुढे, बोटीचा वेग ताशी ५५ किमी, १६ आणि १४.२५ मीटरच्या दोरावरचे पास (कोर्समधली एकेक फेरी) बहुतेक वेळा पूर्ण होतात, पण १३ मीटरवर (म्हणजे '३२ ऑफ'ला, मूळ दोरातून ३२ फूट कमी) दोन किंवा चार नंबरच्या बोयावर गाडी अडते. १-३-५ च्या बाजूला वळण छान बसतं. २-४-६ च्या बाजूला स्कीचं टोक वर राहतं, वळण लांबतं, दोर सैल पडतो आणि मग बोट असा झटका देते की पुढचा बोया गेलाच. सहा महिन्यांत फिन (स्कीच्या शेपटाखालचं पातं) बरीच हलवली, मूळ आकडे आता आठवत नाहीत. तर फिन नेमकी कुठे ठेवावी?

फिनचं उत्तर देतो, पण खरा प्रश्न फिनचा नाही असं मला वाटतं. स्कीची मांडणी चुकली असेल तर ती सहसा दोन्ही बाजूंना जाणवते, एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त. तुमची एक बाजू 'छान' आहे आणि दुसरी फक्त दोर आखूड झाल्यावर बिघडते. अशा वेळी मी आधी तंत्राकडे बघतो, त्यातही ज्या बोयावर बिघडतं त्याच्या आधीच्या बोयाकडे. ऑफ-साइड, म्हणजे अवघड बाजूचं, वळण खराब होतं ते बहुधा सोप्या बाजूचं वळण फार जोरात घेतल्यामुळे.

हे सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे हे आधीच मान्य करतो. तुमचं वजन, स्कीची लांबी आणि मॉडेल, मागच्या पायाला पूर्ण बूट आहे की नुसता पट्टा, बोटीचा स्पीड कंट्रोल कसा लावलाय, पाणी गोडं की खारं, हे काही तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून तुमच्या स्कीचे अंतिम आकडे इथे बसून सांगणं खोटेपणा ठरेल. त्या आकड्यांपर्यंत पोचायचं कसं, ते मात्र सांगता येतं.

आधी एक छोटी चाचणी करा. १६ मीटरवर, शांत पाण्यात, सावकाश चार पास घ्या आणि व्हिडिओ काढा. इतक्या सोप्या पासमध्येही २-४-६ वर टोक वर राहत असेल, तर मांडणीवर संशय घ्यायला जागा आहे. १६ वर वळण स्वच्छ आणि १३ वरच बिघाड असेल, तर दोष वेळेचा आणि जागेचा आहे. फिन कितीही फिरवली तरी तो जाणार नाही.

१३ मीटरला असं काय बदलतं, ते भूमितीत बघा. बोये मधल्या रेषेपासून ११.५ मीटरवर असतात. हात लांब करून, अंग झुकवून वळताना हँडल बोयाच्या साधारण १.२ मीटर आत राहतं असं धरू. म्हणजे हँडल मधल्या रेषेपासून १०.३ मीटर बाहेर न्यायचं. १६ मीटरच्या दोरावर त्यासाठी दोर बोटीच्या मागच्या सरळ रेषेपासून सुमारे ४० अंश फिरावा लागतो, १४.२५ वर ४६, १३ वर ५२ आणि १२ वर ५९ अंश. ११.२५ मीटरला तर दोर बोयाच्या अंतरापेक्षाही आखूड, उरलेलं अंतर शरीरानेच भरून काढायचं. म्हणजे दर कपातीला तुम्हाला बोटीच्या बाजूला आणखी 'वर' चढावं लागतं. पण दोन बोयांमधलं अंतर तेच, ४१ मीटर, आणि ५५ किमीला बोट ते २.६८ सेकंदांत कापते. वेळ तेवढाच, चढण जास्त. १६ वर उशिरा ओढूनही निभावतं, तीच सवय १३ वर उघडी पडते.

आता तुमच्या एक ते दोन नंबरच्या प्रवासात बहुधा काय होतंय ते बघू. एक नंबरवर वळण सोपं वाटतं, म्हणून तुम्ही स्की झटकन फिरवता आणि बोया सुटताच मोठा कोन घेता. दोर अजून पुरता ताणलेला नसतो. तो ताणला जातो तेव्हा सगळा भार एकदम अंगावर येतो, कंबर मोडते, खांदे बोटीकडे ओढले जातात, पुढचा गुडघा ताठ होतो. बोटीमागे उठणाऱ्या दोन लाटांपैकी पहिली येईपर्यंत निम्मा कोन गेलेला असतो. तो भरून काढायला तुम्ही दुसरी लाट ओलांडल्यावरही ओढत राहता. त्यामुळे स्कीची कड (पाण्यात दाबलेली बाजू) उशिरा बदलते, हात अंगापासून सुटतात आणि स्की बाहेर सरकण्याऐवजी सरळ बोयाच्या दिशेने, वेगात जाते. बोयाजवळ तुम्ही अरुंद आणि वेगवान असता. दोर तिथेच सैल पडतो. आणि वेग अंगावर आल्यावर माणूस जे करतो तेच तुम्ही करता, मागच्या पायावर बसता. टोक वर राहतं ते त्यामुळे. फिन त्या बिचाऱ्या क्षणी फक्त साक्षीदार असते.

हे खरं की खोटं ते व्हिडिओवरून कळतं. पायलॉनजवळून (बोटीत दोर बांधायच्या खांबाजवळून) काढलेल्या चित्रणात तीन जागी थांबून बघा. पहिली लाट येते तिथे हँडल कमरेजवळ आहे का आणि घोटा, गुडघा, कंबर, खांदा साधारण एका रेषेत आहेत का. बोटीच्या बरोबर मागे, मधल्या रेषेवर, स्की सपाट व्हायला लागली आहे का. आणि बाहेरचा हात सुटतो तेव्हा स्की अजून बाहेर जाते आहे की आधीच बोयाकडे वळलीय. तिसऱ्या चित्रात स्की बोयाकडे वळलेली दिसली तर उत्तर मिळालंच.

दुरुस्ती गेटपासून (कोर्सच्या तोंडाशी असलेल्या दोन बोयांपासून) सुरू होते, कारण एक नंबरवर तुम्ही कसे पोचता ते तिथे ठरतं. बोट सरळ जाते, तुम्ही डावीकडे बाहेर पडता, थोडं तरंगता आणि मग आत वळून गेटमधून उजवीकडच्या एक नंबरकडे जाता. गेट ते एक नंबर हे अंतर फक्त २७ मीटर, ५५ किमीला पावणेदोन सेकंद. गेटच्या आधी ५५ मीटरवर असलेले हिरवे बोये खुणेसाठी वापरा: बोट त्यांच्यापाशी कुठे असताना बाहेर पडायचं ते ठरवा आणि दर पासला तेच पाळा. दोर आखूड झाला की तुम्ही बोटीच्या जवळ येता, म्हणून १४.२५ ची खूण १३ ला जशीच्या तशी चालत नाही, ती नव्याने ठरवावी लागते. बाहेर पुरेसे रुंद जा, आत वळताना घाई करू नका आणि उजव्या गेट बोयाच्या अगदी जवळून जायचं लक्ष्य ठेवा. डाव्या बोयाला घासून जाणारा स्कीअर उशिरा आत वळलेला असतो. तो पुढच्या सहाही बोयांवर उशिरा पोचतो.

एक नंबरवर मुख्य बदल हाच: वळण संपायची वाट बघा. स्की स्वतः फिरून तुमच्या खाली येऊ द्या, दोर सरळ होऊ द्या आणि मग हँडलकडे जा. हँडल ओढून अंगाकडे आणायचं नाही, कंबर हँडलकडे न्यायची. भार बोयापासून पहिल्या लाटेपर्यंत चढत जायला हवा आणि मधल्या रेषेपर्यंत ओढण्याचं काम संपायला हवं. तिथून पुढे ओढायचं नाही, पण हातही सोडून द्यायचे नाहीत. दोन नंबरला उजवा हात हँडलवर राहणार, तर त्या हाताचं कोपर कड बदलून होईपर्यंत बरगडीला चिकटलेलं ठेवा. दोन्ही हात वाटतं त्यापेक्षा थोडे जास्त वेळ हँडलवर राहू द्या. स्की बाहेर जात असतानाच डावा हात सोडा आणि उजवा हात बोटीच्या दिशेने सावकाश लांबवा. त्या वेळी छाती हँडलकडे वळवून ठेवा, बोयाकडे नाही. डोळे बोयावर खिळले की खांदे त्याच्या मागे जातात आणि वजन शेपटावर.

सराव १३ वर करू नका. चुकीच्या वेळेचा सराव केला की चूकच पक्की होते. १६ मीटर आणि ५२ किमी लावा, सहा पासांचा सेट घ्या आणि प्रत्येक पासमध्ये एकाच गोष्टीकडे लक्ष द्या, उदाहरणार्थ फक्त कोपर. आठवड्यातून एक सेट कोर्सबाहेर, बोयांशिवाय, फक्त ऑफ-साइड वळणांसाठी ठेवा. बोया नसला की घाई नसते आणि पुढच्या पायावर उभं राहून स्की कशी फिरते ते अंगाला कळतं.

आता फिन. मूळ आकडे हरवलेत, म्हणून पहिलं काम एकच: उत्पादकाने त्या मॉडेलसाठी आणि लांबीसाठी दिलेल्या मूळ मांडणीवर परत जा. फिन, विंग (फिनवर बसवलेला छोटा आडवा पंख), बूट, सगळं. सहा महिन्यांचे बदल एकमेकांवर चढलेले असताना सातवा बदल काय सांगणार?

मोजायचं कसं, त्यात निम्मी भांडणं असतात. खाच असलेला डिजिटल कॅलिपर लागतो आणि आकडे इंचाच्या हजारांशात लिहिले जातात. खोली म्हणजे स्कीच्या तळापासून फिनच्या सर्वात खोल बिंदूपर्यंत, बहुतेक स्कींवर २.५ इंचांच्या आसपास. लांबी पावणेसात-सात इंचांच्या मध्ये कुठेतरी. तिसरं अंतर स्कीच्या शेपटापासून फिनच्या मागच्या कडेपर्यंतचं, पाऊण इंचाच्या आगेमागे. लांबी कॅलिपरच्या टोकांनी मोजली तर एक आकडा येतो आणि सपाट जबड्यांनी मोजली तर कमी येतो. कारण फिनची पुढची कड वाकडी असते, टोकं स्कीच्या तळालगत टेकतात आणि जबडे थोडे वर. उत्पादकाचा आकडा कुठल्या पद्धतीचा आहे ते न बघता फिन बसवली, तर पहिल्याच दिवशी कित्येक हजारांश चूक होते. मग माणूस स्कीला दोष देत बसतो.

बसवताना ब्लॉकचे (फिन धरून ठेवणाऱ्या पकडीचे) स्क्रू पूर्ण सैल करू नका. फिन हाताने जेमतेम हलेल इतकेच सोडा आणि दोन्ही टोकांच्या सेट स्क्रूंनी ढकला. खोली बदलली की लांबी आणि मागचं अंतरही हलतं, म्हणून दर वेळी तिन्ही आकडे मोजा. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळतानाच फिन सरकते. तीनदा मोजून तिन्ही वेळा दोन हजारांशांच्या आत आकडा येत नसेल, तर तुमच्या मोजण्यावरच विश्वास ठेवता येत नाही. पाच हजारांशांचा बदल तर दूरच राहिला. हे पाच हजारांश म्हणजे ०.१३ मिलिमीटर, छपाईच्या कागदाच्या जाडीहून थोडंच जास्त. तरीही पायाखाली फरक कळतो.

कोणता बदल काय करतो? खोली वाढवली की शेपूट पाण्याला धरून राहतं, घसरत नाही. कमी केली की शेपूट मोकळेपणाने सरकतं, वळण लवकर पूर्ण होतं, पण फार कमी केली तर वळणाच्या शेवटी शेपूट सुटून जातं. लांबी वाढवली की स्कीचा पुढचा भाग पाण्यात जास्त चावतो, कमी केली की टोक हलकं होतं. फिन पुढे-मागे सरकवण्याबद्दल मात्र अनुभवी लोकांतही एकमत नाही. स्कीच्या रचनेनुसार आणि बुटांच्या जागेनुसार परिणाम बदलतो, म्हणून हा आकडा मी सर्वात शेवटी हात लावायचा म्हणून ठेवतो.

तुमच्या लक्षणाला, म्हणजे टोक वर आणि वळण लांब, कागदावर तीन उत्तरं निघतात: बूट थोडे पुढे, खोली थोडी कमी किंवा लांबी थोडी जास्त. तिन्ही एकदम करू नका. कोणतं आधी? वळणाच्या मध्यावर स्कीवर पाणी कुठून फुटतं ते व्हिडिओत बघा. पुढच्या बुटाच्या मागून फुटत असेल आणि हे दोन्ही बाजूंच्या वळणांत दिसत असेल, तर तुम्ही एकंदरच शेपटावर उभे आहात, बुटांचा विचार करा. पाणी बुटाच्या पुढून फुटतंय, टोक खाली आहे, तरी स्की मोठा गोल काढते, तर शेपूट जास्त धरतंय. अशा वेळी खोली तीन ते पाच हजारांश कमी करून बघा.

बूट सरकवणं हा मोठा बदल आहे. बऱ्याच प्लेटवर एक छिद्र म्हणजे जवळपास पाव इंच. फिनच्या हजारांशांशी त्याची तुलनाच होत नाही. पुढचा आणि मागचा दोन्ही एकत्र सरकवा, नाहीतर दोन पायांमधलं अंतर बदलतं आणि कशाचा परिणाम झाला ते कळत नाही. शेपटापासून पुढच्या बुटाच्या टाचेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. आणि एक गोष्ट मांडणीची नाही, सुरक्षेची: दोन पूर्ण बूट असतील तर पडताना दोन्ही पाय एकदम सुटले पाहिजेत. एक पाय सुटला आणि दुसरा अडकला की घोटा जातो. लेस आवळताना हे डोक्यात असू द्या.

विंगबद्दल मोह होईल. बोयावर वेगात पोचताय, तर विंगचा कोन वाढवून वेग कमी करावा असं सुचतं. ७ ते ९ अंश ही नेहमीची कक्षा, एक अंशाने फरक जाणवतो आणि बोयाआधी स्की खरंच मंदावते. पण वेग ज्या कारणाने जास्त आहे ते कारण, दुसऱ्या लाटेनंतरचं ओढणं, तसंच राहतं. वर लाटांमधून जातानाही तो अडथळा सोबत असतोच. तूर्त मूळ कोनावर ठेवा.

एक बदल केला की निदान तीन सेट त्यावर काढा आणि पहिल्या सेटचं मत धरू नका. पहिल्या सेटला प्रत्येक बदल चांगलाच वाटतो, कारण तुम्ही जास्त सावध असता. वहीत तारीख, पाण्याचं तापमान, वारा, तिन्ही आकडे, विंगचा कोन, बुटांची जागा आणि १४.२५ वर दहापैकी किती पास पूर्ण झाले, एवढं लिहा. १३ वरचा सर्वोत्तम स्कोअर हे माप नव्हे, तो नशिबानेही येतो. सुधारणा नसेल तर बदल मागे घ्या, त्याच्यावर दुसरा रचू नका. खूप थंड पाण्यात, ड्रायसूट घालून आणि ताठरलेल्या अंगाने मांडणी ठरवू नका. खाऱ्या पाण्यात स्की थोडी वर तरंगते, त्यामुळे तिथले आकडे गोड्या पाण्यासाठी धरू नका.

बोटीकडेही एकदा बघाच. स्पीड कंट्रोल झिरो ऑफ असेल तर ए-१ ते सी-३ मधली कोणती जोडी लावली आहे ते ड्रायव्हरला विचारा. तुमच्या ओढीला बोट किती लवकर आणि किती जोरात उत्तर देते ते अक्षर आणि अंक मिळून ठरवतात: ए-१ सर्वात मऊ, सी-३ सर्वात आक्रमक. तुमच्यासारखा एकदम भार घेणाऱ्या स्कीअरला आक्रमक जोडी आणखी झटके देते. ए-१ किंवा बी-१ वर एक सेट काढून बघा. कोर्सची वेळही तपासा: २५९ मीटर ५५ किमीला १६.९५ सेकंदांत व्हायला हवेत. दोर जुना असेल तर ताणून, हँडलसकट मोजा. १३ मीटर म्हणजे पायलॉनपासून हँडलपर्यंतचं सगळं अंतर. शिवाय जुन्या दोराची लवचीकता गेलेली असते आणि सैल पडल्यानंतरचा झटका तो जसाच्या तसा हातात देतो.

क्रम असा ठेवा: मूळ मांडणी, १६ मीटरची चाचणी, मग तीन-चार आठवडे फक्त गेट आणि एक नंबरवरचं वळण. तेवढ्याने दोन नंबर सुधारला तर फिनला हात लावायची गरजच नाही. नाही सुधारला, तर पायलॉनवरून काढलेला १६ आणि १३ चा एकेक पास दाखवा. सोबत तिन्ही आकडे, लांबी टोकांनी मोजली की जबड्यांनी तेही, बुटांचं अंतर आणि तुमचं वजन लिहा. तेवढं हाती आलं की खोलीचे तीन हजारांश की बुटाचं एक छिद्र, यावर नेमकं बोलता येईल.